फिलिपिन्समधल्या गावांसाठी मोबाइलवरची दुकानांची सूची: पत्ता नेमका कसा लिहावा?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष एका कामात आहे आणि आता ते अशा जागी येऊन थांबलंय की तुमच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही.

काम असं. फिलिपिन्सच्या लागुना प्रांतातलं एक गाव आणि त्याच्या आजूबाजूची तीन गावं, यांच्यासाठी स्थानिक धंद्यांची सूची करायची, आणि ती फोनवरच चालली पाहिजे. पंक्चरवाला, खानावळ, शिंपी, एसी धुणारा, पिण्याच्या पाण्याचे जार भरून देणारा, असे सगळे त्यात. करून घेणारी बाई तिथलीच आहे, टार्पोलिन छापायचं दुकान चालवते. टार्पोलिन म्हणजे आपला फ्लेक्स. वाढदिवस, बाप्तिस्मा, निवडणूक, परीक्षा पास झालेलं पोर, सगळ्याला तिकडे टार्पोलिन लागतं, त्यामुळे चारही गावांतला प्रत्येक धंदेवाला तिच्या ओळखीचा. तिला सगळे ‘आते’ म्हणतात. तिकडे आते म्हणजे मोठी बहीण, आपली ताई. मीही आतेच म्हणतो.

पहिली आवृत्ती मी पुण्यात बसून केली. वर नकाशा, मध्ये शोधपेटी, खाली वर्गवारीची चित्रं. मग तीन आठवडे तिथे जाऊन राहिलो.

दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. आतेच्या दुकानासमोर डिलिव्हरीचा एक मोटरसायकलवाला थांबला, शेजारच्या गावातून आलेला, मागचं चाक बसलेलं. आतेने मोठ्या उत्साहाने त्याला आपलं पान उघडायला लावलं. त्याचा फोन साधा, काच तडकलेली, डेटा प्रीपेड. नकाशाच्या जागी राखाडी चौकोन आला आणि तसाच राहिला. तो अर्धा मिनिट थांबला, मग फोन खिशात घालून शेजारच्या सारी-सारीच्या जाळीपाशी गेला (सारी-सारी म्हणजे घराच्या खिडकीतून चालणारं किराणा दुकान) आणि आतल्या मावशींना विचारलं, ‘व्हल्कनायझिंग कुठे आहे पो?’ (पो हा आदराने बोलताना लावायचा शब्द.) त्या हातातलं काम न सोडता म्हणाल्या, ‘लिकोड नांग पालेंगके, तापात नांग कापिल्या, आसुल ना गेट.’ बाजाराच्या मागे, चॅपलसमोर, निळं गेट. तो गाडी ढकलत निघालासुद्धा.

त्या दुकानाचे अक्षांश-रेखांश माझ्याकडे होते. रस्त्याचं नाव होतं, चार आकडी पिनकोड होता. बाजार, चॅपल आणि निळं गेट या तीन गोष्टी मात्र माझ्या सूचीत कुठेही नव्हत्या.

तेव्हापासून सगळं नव्याने मांडतोय. नकाशा पहिल्या पानावरून काढला. पंक्चरला तिकडे कुणी पंक्चर म्हणत नाही, व्हल्कनायझिंग म्हणतात, म्हणून वर्गवारी आतेसोबत बाजारात फिरून पुन्हा लिहिली. वॉटर रिफिलिंग स्टेशन, लाँड्री शॉप, ताल्येर म्हणजे गॅरेज, पानादेर्या म्हणजे बेकरी, उकाय-उकाय म्हणजे जुन्या कपड्यांचं दुकान, पिसो वायफाय म्हणजे एक पेसोचं नाणं टाकून काही मिनिटं इंटरनेट देणारा डबा. गॅस सिलिंडरला लोक गासुल म्हणतात, ते एका कंपनीचं नाव, पण शोधताना तेच टाइप होतं. झेरॉक्सला मात्र तिकडेही झेरॉक्सच.

आता अडलंय ते पत्त्यावर. आते म्हणते, ‘खूण लिही.’ मान्य. पण चार गावांतल्या शेकडो दुकानांच्या खुणा मोकळ्या मजकुरात लिहायच्या, की त्यांना काही घडण द्यायची? आणि सूची पुढे सेबूकडे न्यायचा तिचा विचार आहे, तिथली भाषा वेगळी. ज्यांनी असलं काही केलंय किंवा त्या देशात दिवस काढलेत, त्यांनी जरूर लिहा.

मकरंद७४

काम चांगलं आहे, पण एक मूलभूत शंका. गूगल मॅप्स आहे, फेसबुक आहे. तिसरी सूची हवी कशाला? दोन वर्षांनी तिच्यातले निम्मे नंबर मेलेले असतील.

कोरी_पाटी

मकरंदकाका, रास्त शंका आहे. हाच प्रश्न मी आतेला पहिल्या कॉलवर विचारला होता.

मॉल, पेट्रोलपंप, मोठी हॉटेलं, साखळी दुकानं नकाशावर व्यवस्थित आहेत. घराच्या पडवीत चालणारा धंदा तिथे नसतो. असलाच तर भलत्या गल्लीत टिंब असतं आणि वेळ लिहिलेली नसते. फेसबुकवर मात्र प्रत्येकजण आहे. तिकडे फेसबुक पेज हीच दुकानाची वेबसाइट. पण फेसबुकवर माहिती वाहून जाते. गावाच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, ‘बका मे अलाम काय्यो’, कुणाला माहीत आहे का, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा? खाली वीस उत्तरं येतात, त्यातली पाच-सहा नेमकी असतात. तीन दिवसांनी दुसरं कुणी तोच प्रश्न विचारतं आणि पहिली उत्तरं कुणाला सापडत नाहीत.

ती उत्तरं मला टिकवायची आहेत. लोकांची विचारायची सवय मोडायची नाहीये. ग्रुपवर उत्तर देणाऱ्याला चिकटवता येईल असा एक स्वच्छ दुवा मिळावा, एवढंच.

मेलेल्या नंबरांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्यावर खाली लिहितो.

अनघा_कोडकरीण

हेच काम मी दुसऱ्या देशासाठी केलंय, त्यामुळे तांत्रिक बाजू लिहिते.

तुमचं पान लोक क्रोममध्ये उघडणार नाहीत. फेसबुक किंवा मेसेंजरमध्ये कुणीतरी दुवा टाकणार आणि तो त्याच अॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडणार. तपासणी तिथेच करा. त्या ब्राउझरमध्ये ‘माझं ठिकाण वापरा’ नेहमी चालेलच असं नाही, होमस्क्रीनवर बसवा असं सुचवता येत नाही, नवीन टॅब उघडला की माणूस हरवतो. म्हणून ठिकाण मागूच नका. गाव आणि बरांगाय (गावातला किंवा शहरातला सगळ्यात लहान सरकारी विभाग, आपल्या वॉर्डासारखा) निवडायला द्या आणि निवड लक्षात ठेवा.

दुसरं, डेटाचं. तिकडे बहुतेक लोक प्रीपेडवर असतात आणि छोटे छोटे पॅक घेतात, कित्येक पॅक ठरावीक अॅपपुरतेच. शिवाय फेसबुकचा फुकट मोड असतो, त्यात मजकूर दिसतो, फोटो दिसत नाहीत, आणि बाहेरच्या दुव्यावर बोट ठेवलं की ‘पैसे लागतील’ अशी सूचना येते. अर्धी माणसं तिथूनच मागे फिरतात. यावर उपाय म्हणजे दुव्याच्या झलकेतच, म्हणजे दुवा चिकटवल्यावर त्याखाली आपोआप दिसणाऱ्या चौकटीतच, उत्तर देणं. झलकेच्या शीर्षकात दुकानाचं नाव आणि काम, वर्णनात खूण, वेळ आणि फोन नंबर. पान उघडलंच नाही तरी माणसाचं काम झालं पाहिजे. भेटींचे आकडे कमी दिसतील, त्याची काळजी करू नका.

पानाचं वजन: सर्व्हरवरूनच तयार एचटीएमएल पाठवा, फोनमधलाच फाँट वापरा, दुकानाचा एकच फोटो ठेवा आणि तोही मागितल्यावर उतरू द्या. नकाशा हवाच असेल तर ‘नकाशात उघडा’ असा साधा दुवा द्या, फोनमध्ये असेल ते अॅप उघडेल. यादीचं पान शंभर केबीच्या आत बसवता येतं, मी बसवलंय.

कोरी_पाटी

अनघाताई, झलकेचं सुचलंच नव्हतं. आजच करतो.

त्याला जोडून एक अनुभव. आम्ही ‘एसएमएसने पाठवा’ असं बटण दिलं होतं, त्यात दुवा जायचा. आतेच्या वडिलांना तो कधी पोचलाच नाही. मग कळलं की सप्टेंबर २०२२ पासून ग्लोब या कंपनीने एका माणसाकडून दुसऱ्याला जाणारे दुवा असलेले एसएमएस अडवायला सुरुवात केली होती, फसवणुकीचे मेसेज फार वाढले होते म्हणून. आता एसएमएसमध्ये दुवा नाही, तीन ओळींचा साधा मजकूर जातो: नाव, खूण, नंबर. वडील तो मेसेज जपून ठेवतात आणि शेजाऱ्यांना पुढे पाठवतात. पानापेक्षा तो मेसेजच जास्त फिरतो, असं आते सांगते.

आता मेलेल्या नंबरांबद्दल. तिथे नंबर मरायला ठोस कारणं झाली आहेत. ६ ऑक्टोबर २०१९ ला मनिला महानगरातले लँडलाइन सातऐवजी आठ आकडी झाले, पीएलडीटी या फोन कंपनीच्या नंबरांपुढे ८ लागला, ग्लोबच्या नंबरांपुढे ७. जुन्या याद्यांमधले सात आकडी नंबर म्हणूनच लागत नाहीत. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये सिम नोंदणीचा कायदा झाला, शेवटची मुदत २५ जुलै २०२३ होती, आणि नोंदणी न केलेली सिमं बंद पडली. त्याआधी गोळा केलेल्या कुठल्याही यादीवर मी विसंबत नाही. आमच्याकडे प्रत्येक नंबराखाली ‘शेवटचा तपासला’ म्हणून महिना लिहिलेला असतो. सहा महिने झाले की मालकाला मेसेंजरवर एकच प्रश्न जातो, ‘ओपन पा पो बा कायो?’, अजून चालू आहे का? उत्तर आलं नाही तर नोंद काढत नाही, फिकट करतो, आणि आतेकडची मुलगी जाऊन बघून येते.

नकाशावेडा

मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशावर, भर घालणाऱ्यांपैकी. फिलिपिन्सचा नकाशा घरी बसून बराच रंगवलाय, २०१३ च्या नोव्हेंबरात हैयान वादळ आलं (तिकडे त्याला योलांदा म्हणतात) तेव्हा जगभरातून शेकडो लोक ताक्लोबानची घरं आणि रस्ते रेखाटत होते, तिथपासून. म्हणून पत्त्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो.

पत्त्याचे दोन थर वेगळे ठेवा, एक सरकारी आणि एक माणसांचा. त्यांची सरमिसळ करू नका.

सरकारी थर म्हणजे प्रदेश, प्रांत, शहर किंवा नगरपालिका, आणि सगळ्यात खाली बरांगाय. बरांगाय ४२ हजारांहून जास्त आहेत. त्यांची नावं भयंकर सारखी आहेत, सान होसे आणि सान इसिद्रो तर जागोजाग. पोब्लासियोन म्हणजे गावाचा जुना मध्यभाग, तो बहुतेक प्रत्येक गावाला असतो. क्वेझोन सिटी मनिला महानगरात, क्वेझोन प्रांत वेगळाच. सान फेर्नांदो पांपांगात आहे आणि ला युनिओनमध्येही. त्यामुळे नुसत्या नावावर शोध घेऊ नका. त्यांच्या सांख्यिकी खात्याचे प्रमाण भौगोलिक संकेतांक आहेत, आता १० आकडी, ते वापरा.

संकेतांक वापरायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: हद्दी बदलतात. २०२२ मध्ये मागिंदानाओ प्रांताचे दोन झाले. २०२४ मध्ये निग्रोस बेटासाठी नवा प्रदेश झाला, त्यात सिकिहोरही घेतलं. आणि सगळ्यात बोलकं उदाहरण मनिलातलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ मध्ये मकातीमधले दहा बरांगाय तागिग शहरात गेले. त्यांना एंबो बरांगाय म्हणतात, मुळात सैनिकांच्या वस्त्या, ‘एन्लिस्टेड मेन्स बॅरिओ’ची आद्याक्षरं. आता तिथल्या शिंप्याच्या परवान्यावर तागिग असतं, पण जन्मभर मकाती म्हणत आलेली आजी मकातीच टाइप करणार. तुमच्या सूचीत नोंद तागिगखाली हवी आणि मकाती शोधल्यावरही सापडायला हवी.

माणसांचा थर म्हणजे खूण. तिला घडण द्या, पण थोडीच: नातं आणि वस्तू. ‘समोर’, ‘मागे’, ‘शेजारी’, ‘जवळ’, ‘कोपऱ्यावर’ एवढीच नाती, आणि वस्तू खुणांच्या वेगळ्या यादीतून घ्या. चॅपल एकदाच नोंदवायचं, त्याच्या समोरची बारा दुकानं त्याला जोडायची. मग ‘चॅपलजवळ काय काय आहे’ हेही आपोआप सापडतं. गेटचा रंग वगैरे शेवटी एका मोकळ्या ओळीत.

सुगरण_सुमन

नकाशावेडा, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कोरी_पाटी

नातं आणि वस्तू! हे अगदी त्या मावशींच्या वाक्यासारखंच आहे. लिकोड, तापात, आणि शेवटी निळं गेट.

खुणांच्या यादीत एक गोष्ट मात्र मी घालणार. आतेसोबत फिरताना ‘दातिंग सिनेहान’ हा पत्ता चारदा ऐकला. दाती म्हणजे पूर्वीचं. पूर्वीचं थिएटर. थिएटर पाडलं, तिथे आता भलतंच काहीतरी आहे, पण पत्ता अजून त्याचाच चालतो. आपल्याकडे टॉकीज बंद पडून वर्षं लोटली तरी चौक टॉकीजच्याच नावाने ओळखला जातो, तसंच. तेव्हा खूण नष्ट झाली तरी यादीतून काढायची नाही, ‘पूर्वीचं’ असा शिक्का मारून ठेवायची.

दर्यावर्दी

सध्या जहाजावर आहे, नेट मोजकं, थोडक्यात लिहितो.

आमच्या जहाजावर निम्म्याहून अधिक फिलिपिनो आहेत. ही सूची गावातलेच लोक बघणार असं धरू नका. बाहेर असलेला प्रत्येकजण घरचा कारभार फोनवरून चालवतो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, इलोइलोचा. मागच्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला त्याला घरी केक आणि लेचोन पोचवायचं होतं, लेचोन म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, तिकडच्या सणाचा मान. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. दुकानाच्या पेजवर नंबर ०९ ने सुरू होणारा, परदेशातून तो तसाच लागत नाही. पुढे ६३, म्हणजे देशाचा संकेतांक, लावून लावला तर उचलला नाही, अनोळखी परदेशी नंबर म्हणून. शेवटी बायकोच्या बहिणीला तिथे पाठवलं.

तर नंबर दाखवताना ०९ दाखवा, लोकांची नजर त्यालाच बसलीय, पण बोट ठेवल्यावर +६३ ने लागू दे. आणि मेसेंजरचं बटण फोनच्या बटणाइतकंच मोठं ठेवा. ‘घरपोच देतो का’ आणि ‘जीकॅश घेतो का’ (जीकॅश म्हणजे फोनवरून पैसे द्यायचं तिकडचं अॅप) या दोन गोष्टी यादीतच दिसू द्या. बाहेरून पैसे भरणाऱ्याला पहिल्यांदा तेच बघायचं असतं.

मकरंद७४

आता पटतंय. पुढची शंका. फसवणूक? पैसे आधी भरले आणि दुकानच नसलं तर?

दोहाची_दीपा

मकरंद, तोच त्यांचाही पहिला प्रश्न असतो. माझ्या वॉर्डात नऊ फिलिपिनो नर्स आहेत. ऑनलाइन काहीही घ्यायचं असलं की आधी ग्रुपवर विचारतात, ‘लेजिट पो बा?’ खरं आहे ना हे? तारे किती मिळाले त्याकडे बघतही नाहीत. ओळखीच्या कुणीतरी ‘मी घेतलंय’ म्हटलं की झालं. एकदा जमलं की त्या दुकानाच्या ‘सुकी’ होतात. सुकी म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईकही दुकानदाराला सुकीच म्हणतं. शब्द दोन्ही बाजूंनी चालतो.

कोरी_पाटी

दीपाताई, सुकीवर माझा फार जीव आहे. ताऱ्यांची पद्धत आम्ही काढून टाकली. बारक्या गावात शेजाऱ्याला दोन तारे कोण देणार? सगळ्यांना पाच तारे मिळतात आणि पाचाला अर्थ उरत नाही. त्याऐवजी एकच बटण आहे, ‘सुकी आको दितो’, मी इथला सुकी. दाबायचं तर बरांगाय सांगावा लागतो. नोंदीवर मग दिसतं की या शिंप्याचे सुकी कुठल्या कुठल्या बरांगायमध्ये आहेत. वाचणारा आपला बरांगाय दिसतोय का ते बघतो.

कागदोपत्री खूण म्हणून एकट्या मालकाच्या धंद्याची नाव-नोंदणी व्यापार खात्याकडे, म्हणजे डीटीआयकडे असते, आणि धंद्याला महापौरांचा परवाना लागतो. परवान्याची पाटी भिंतीवर दिसत असेल तर तिचा फोटो घेतो, पण ‘विश्वासू’ असा शिक्का आम्ही मारत नाही. परवाना आहे एवढंच लिहितो, कारण तेवढंच आम्हाला माहीत असतं.

किमतीचंही सांगतो. तिकडे फेसबुकवर किंमत विचारली की ‘पीएम सेंट’ असं उत्तर येतं, खासगीत सांगतो म्हणून. खरं तर ग्राहक कायदा १९९२ चा आहे आणि किंमत उघड लावणं त्यात बंधनकारक आहे. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही ते लागू आहे असं डीटीआयने अनेकदा बजावलंय. डिसेंबर २०२३ मध्ये इंटरनेट व्यवहारांचा वेगळा कायदाही झाला. म्हणून आमच्या अर्जात ‘निदान एका वस्तूची किंमत’ ही सक्तीची ओळ आहे. सुरुवातीला दुकानदार कुरकुरले. पण पाच गॅलनच्या पाण्याच्या जारची किंमत लिहिल्यावर ‘हाउ मच पो’ विचारणारे मेसेज कमी झाले, हे त्यांनीच सांगितलं.

अनघा_कोडकरीण

घरातून धंदा करणाऱ्यांचं काय? बाईचा स्वतःचा नंबर, स्वतःचं घर. फेसबुकवरून उचलून सूचीत टाकू नका हं.

कोरी_पाटी

अजिबात नाही. तिकडे २०१२ पासून माहितीच्या खासगीपणाचा कायदा आहे आणि त्यासाठी वेगळा राष्ट्रीय आयोगही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला हे नकोच होतं. आते स्वतः विचारून नोंद घेते. घरून केक करणाऱ्या बाईला पर्याय असतो: फक्त बरांगाय आणि मेसेंजर दाखवायचं, खूण आणि नंबर तिने गिऱ्हाइकाला स्वतः द्यायचा.

सेबूतली_सई

धागा आज पाहिला. मी सेबूत वैद्यकीय शिकले, तिथे सहा वर्षं काढली. भाषेबद्दल आणि एका दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचंय.

भाषा आधी. सेबूला जाताना टागालोग बटणं तशीच नेऊ नका. तिथे बिसाया बोलतात. टागालोग सगळ्यांना कळते, पण आपल्या गावच्या सूचीत मनिलाची भाषा दिसली की ती परकी वाटते. इंग्रजी चालते. बटणं इंग्रजीत ठेवा आणि खुणांचे शब्द तिथले घ्या. समोर म्हणजे ‘आतबांग’, शेजारी ‘तापाद’, जवळ ‘दुओल’, कोपरा ‘एस्किना’. बाजाराला पालेंगके नाही, ‘मेर्कादो’. नकाशावेडा यांची नातं-आणि-वस्तू रचना केलीत तर नात्यांचे पाचच शब्द बदलावे लागतील, बाकी सगळं तसंच राहील.

शोधात स्पेलिंगची मोकळीक द्या. कारिंदेर्या, म्हणजे खानावळ, कुणी सी-ने लिहितं, कुणी के-ने. पारान्याके आणि लास पिन्यासमधला टोपीवाला एन फोनवर कुणी शोधत बसत नाही, साधा एन टाकतात. सांता रोसाचं ‘एसटीए’, कागायान दे ओरोचं ‘सीडीओ’, जनरल सांतोसचं ‘जेनसान’. आणि बॉम्बे टाइप केलं तर कांदे दाखवा. मोठा कांदा तिकडे ‘सिबुयास बॉम्बे’, आणि आपण भारतीय सगळे ‘बुम्बाय’, मग तुम्ही नागपूरचे असा की पंजाबचे.

आता दुसरी गोष्ट. १६ डिसेंबर २०२१ ला राय वादळ आलं, तिकडच्या नावाने ओदेत. सिआर्गाओ, सुरिगाओ, बोहोल, सेबू, सगळ्यांना झोडपून गेलं. कोविडमुळे आमच्या वर्गातली बहुतेक भारतीय मुलं घरी परतली होती, मी थांबले होते. दुसऱ्या दिवशी वीज नाही, नळाला पाणी नाही, फोनला रेंज नाही. पाण्यासाठी माणसं रिकामे जार घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, कारण कुठल्या रिफिलिंग स्टेशनकडे जनरेटर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी आणि माझी घरमालकीण तीन स्टेशनांवर गेलो, तिन्ही बंद. चौथ्यावर पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं होतं, ‘मे टुबिग, २ ते ५’, म्हणजे पाणी आहे. दोन तास रांगेत उभ्या होतो. त्या पुठ्ठ्याचा फोटो मी अजून ठेवलाय.

तुमच्या सूचीत ‘जनरेटर आहे का’ ही एक ओळ घाला. पाणी, औषधं, गासुल आणि फोन चार्जिंग एवढ्यांना तरी. आणि आपल्या बरांगायची यादी एकदा उघडली की फोनमध्ये साठून राहू दे, रेंज गेल्यावरही उघडेल अशी. बरांगाय हॉलच्या भिंतीवर लावता येईल असं छापील पानही करा. आतेकडे छापखाना आहेच.

कोरी_पाटी

सई, तुझा प्रतिसाद आतेला फोनवर भाषांतर करून वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, भिंतीवरचं पान ती स्वतः टार्पोलिनवर छापेल, पावसात कागद टिकत नाही. चारही गावांत मिळून जितके बरांगाय आहेत तितकी. पैसे घेणार नाही. जनरेटरची ओळ आजच अर्जात चढवली.

भाषेत आमचीही एक चूक झाली होती, ती इथे नोंदवून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. दुकान उघडं असेल तर हिरवी पट्टी आणि त्यावर ‘बुकास’ असं लिहिलं होतं. शब्दकोशात बुकास म्हणजे उघडं. आतेने पाहून विचारलं, ‘उघडं की उद्या?’ शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर उघडं, पहिल्यावर दिला तर उद्या, आणि लिहिताना दोन्ही सारखेच. बंद दुकानासमोर उभा असलेला माणूस त्याचा अर्थ ‘उद्या या’ असाही लावणार. आता पट्टीवर ‘ओपन’ आहे. बंदला ‘सारादो’ ठेवलंय, ते कुणालाही कळतं.

वेळांच्या बाबतीत पवित्र आठवडा वेगळा धरलाय. गुरुवार-शुक्रवार गावं बंद असतात. १६ ते २४ डिसेंबर पहाटेच्या प्रार्थनांना चर्चबाहेर बिबिंग्का आणि पुतो बुंबोंग या तांदळाच्या गोड पदार्थांच्या गाड्या लागतात, त्यांच्यासाठी ‘फक्त डिसेंबर’ अशी नोंद केली. त्या बायका सूचीत आल्या याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

नकाशावेडा

नवा अर्ज कसा दिसतो ते टाक ना इथे. एखादी भरलेली नोंदच दाखव.

कोरी_पाटी

हो. पहिली नोंद आतेने स्वतःच्या दुकानाची भरली. मराठीत उतरवून देतो:

टार्पोलिन आणि छपाई
मागे: पालेंगके. समोर: रिक्षा संघटनेचा थांबा.
मोकळी ओळ: पिवळं पत्र्याचं छत, बाहेर सिमेंटचा बाक.
सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ७. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर.
टार्पोलिनचा दर चौरस फुटाला, दुकानाच्या पाटीवर आहे तोच.
जीकॅश: हो. घरपोच: गावात. जनरेटर: हो.
शेवटचं तपासलं: या महिन्यात.

सेबूतली_सई

छान झालंय. एकच. छत काढ. वादळात पहिलं तेच उडतं, आणि नवं कुठल्या रंगाचं येईल सांगता येत नाही. थांबाही हलतो. जवळ बास्केटबॉल कोर्ट आहे का बघ. बहुतेक प्रत्येक बरांगायमध्ये असतं आणि ते कुणी हलवत नाही.

कोरी_पाटी

आहे, रस्ता ओलांडून. आतेला आत्ताच विचारलं. नोंद बदलली: ‘समोर: कव्हर्ड कोर्ट’. छत फोटोत राहू देतो, मजकुरातून काढलं. आता हीच तपासणी बाकीच्या नोंदींवर करायला बसतोय, चॅपलच्या बारा दुकानांपासून सुरुवात.